जयप्रकाशांची चार वर्षे

१९३२ साली नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी यांच्या सोबतीने समाजवादी पक्षाची कल्पना रंगवणारे आणि १९४२ च्या दिवाळीत हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडणारे जयप्रकाश नारायण सर्वांना माहीत आहेत. त्यांची शेवटची चार वर्षे मात्र एका यंत्राच्या आधाराने गेली.

२६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना दिल्लीत अटक झाली. वय ७२, त्यात मधुमेह. चंदीगडला स्थानबद्ध असताना प्रकृती ढासळली. १२ नोव्हेंबरला सुटका झाली आणि त्याच महिन्यात ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले. मूत्रपिंडे निकामी झाली होती.

मूत्रपिंड मुठीएवढे. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. बहुतेक पाणी, साखर आणि क्षार रक्तात परत जातात, उरते दीड-दोन लिटर लघवी. रक्तदाब सांभाळणे आणि रक्तपेशी तयार करायला लावणारे संप्रेरक बनवणे, हेही त्यांचेच काम. निम्म्याहून अधिक गाळण्या बंद पडेपर्यंत बहुधा काहीच जाणवत नाही. लघवी साफ होते म्हणजे मूत्रपिंड ठीक, हा समज म्हणूनच घातक. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तपासलीच पाहिजेत.

डायलिसिसचे यंत्र रक्तातली घाण आणि जादा पाणी काढते, पण तेवढेच. दोन खेपांच्या मधल्या दिवसांत पाणी मोजून प्यावे लागते. केळी, नारळपाणी यांतले पोटॅशियम हृदयाला धोकादायक ठरते.

जयप्रकाशांच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधान निधीतून आलेली रक्कम त्यांनी परत केली. तेव्हा ही सोय मोजक्या मोठ्या शहरांत होती. आज नेकनूरच्या रुग्णाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, बीडला काम होते. तरीही आठवड्यातून दोन-तीन खेपा, मजुरी बुडवून आणि सोबत कुणाला तरी घेऊन, हे सोपे नाहीच.

अशा प्रकृतीत १९७७ ची निवडणूक आली आणि विरोधकांना एकत्र आणण्याचे काम त्यांनी केले. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट लोकसभेत जाहीर झाली. प्रत्यक्षात ते ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात गेले. ७७ वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते.