द. रा. कापरेकर : ६१७४ ची गंमत शोधणारे देवळालीचे शाळामास्तर

डहाणूहून जव्हार, मोखाडा ओलांडत पूर्वेला गेलं की त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक येतं. या वाटेच्या एका टोकाला, डहाणूत, १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. दुसऱ्या टोकाला, नाशिकजवळच्या देवळालीत, त्यांनी १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षं शाळेत शिकवलं.

ठाण्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढची पदवी किंवा विद्यापीठातली नोकरी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही.

६१७४ म्हणजे काय?

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. कापरेकरांच्या निवृत्तीचं साल १९६२ घेऊ :

९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च येतं. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. त्यांच्या जन्मसालाला, म्हणजे १९०५ ला, नेमक्या सातच लागतात! १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. आज ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

आणखी काही संख्या

४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या १२, १८ यांसारख्या संख्यांना त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असं नाव दिलं. डोंबिवली स्टेशनात सुचलेल्या संख्या 'डेम्लो' झाल्या.

उशिरा मिळालेली दाद

अनेक गणितज्ञांना हे सारं किरकोळ करमणुकीचं वाटे. कापरेकर छोट्या नियतकालिकांत लिहीत, पदरमोड करून पुस्तिका छापत. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून ते शिकवण्या घेत राहिले.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोहोचलं. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ साली त्यांचं निधन झालं. वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाला त्यांचा शोध आजही वहीच्या एका पानावर स्वतः पडताळून पाहता येतो.