नेम चुकतो, तेव्हा दोष कुणाचा?

नेमबाज तोच, रायफल तीच, काडतुसेही एकाच पेटीतली. तरी गोळ्या लक्ष्यावर विखुरतात. अशा वेळी पहिला संशय नेमबाजाच्या हातावर जातो. जॉन गॅरंड यांना मात्र हा दोष स्वतःच्याच आराखड्यात शोधावा लागला.

गॅरंड यांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातील क्विबेक प्रांतात, शेतकरी कुटुंबात झाला. आईच्या मृत्यूनंतर कुटुंब अमेरिकेतील कनेटिकटमध्ये आले. तेथे लहानगा जॉन कापडगिरणीत झाडलोट करू लागला. काम करता करता तो इंग्रजी शिकला आणि यंत्रेही. पुढे तो यंत्र कारागीर झाला. नेमबाजीचा नाद तरुणपणीच लागला होता. यंत्रकाम आणि नेमबाजी यांतूनच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

१९१९ मध्ये ते स्प्रिंगफिल्ड येथील सरकारी शस्त्र कारखान्यात दाखल झाले. प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढावा न लागता पुढचे काडतूस आपोआप भरणारी रायफल घडवणे, हे त्यांचे काम होते. त्यात सतरा वर्षे गेली. १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची ‘एम-१’ स्वीकारली.

अडचण त्यानंतर उघड झाली. अर्धस्वयंचलित रायफलीत गोळीमागच्या तप्त वायूचा काही भाग दट्ट्या ढकलतो आणि त्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत येते. गॅरंड यांनी सुरुवातीला हा वायू नळीच्या तोंडावर बसवलेल्या टोपीत अडवला होता. या टोपीत काजळी साचे, ती साफ करणे जिकिरीचे होते आणि वापराने टोपी सैल होई. नेम धरताना समोर दिसणारा काटाही या सुट्या भागावरच बसवलेला होता. टोपी हलली की काटा हले.

हे हलणे किती महागात पडते? या रायफलीत डोळ्याजवळची खूण आणि पुढचा काटा यांत सुमारे ७० सेंटीमीटर अंतर असते. काटा अवघा अर्धा मिलीमीटर सरकला, तर १०० मीटरवर गोळी सुमारे ७ सेंटीमीटर बाजूला जाते. ३०० मीटरवर जवळजवळ वीतभर. रणांगणावर एवढी चूक जिवावर बेतू शकते.

गॅरंड यांनी टोपीच काढून टाकली. नळीच्या टोकाजवळ खालच्या बाजूने बारीक छिद्र पाडून वायू तेथून घेतला. १९४० मध्ये हा बदल उत्पादनात आला, तोवर जुन्या पद्धतीच्या सुमारे ५० हजार रायफली तयार झाल्या होत्या.

त्याच सुमारास आठांपैकी सातवे काडतूस अडकत असल्याची तक्रार आली. तपासाअंती नव्या यंत्रांवर सुटा भाग कातताना आतल्या एका कडेचा थोडा अंश जास्त कापला जात असल्याचे आढळले. वर्तमानपत्रांतून टीका सुरू होती, मेल्विन जॉन्सन यांची प्रतिस्पर्धी रायफलही पुढे आली होती. मात्र १९४० च्या अखेरीस मरीन दलाने घेतलेल्या तुलनात्मक चाचण्यांत गॅरंड यांची रायफल सरस ठरली. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशा सुमारे ४० लाख रायफली तयार झाल्या.

या शोधाचे हक्क गॅरंड यांनी सरकारला दिले होते. त्यामुळे प्रत्येक रायफलीमागे त्यांना एक पैसाही मिळाला नाही. एक लाख डॉलर देण्याचा प्रस्ताव अमेरिकी काँग्रेसमध्ये आला, पण मंजूर झाला नाही. ‘मेडल फॉर मेरिट’ हा सन्मान मात्र १९४४ मध्ये मिळाला. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले.

स्पर्धांसाठी याच रायफलीची खास आवृत्ती पुढे तयार झाली. तिच्यातही कारागीर सैलपणाच शोधत. लाकडी दस्ता आणि धातूची चौकट यांतली फट काचतंतूयुक्त राळेने भरली जाई; वायूची नळकांडी डुगडुगू नये, दट्ट्याचा दांडा दस्त्याला घासू नये, हे पाहिले जाई. स्वतः हलून काम करणाऱ्या यंत्रात प्रत्येक भाग दर गोळीनंतर पुन्हा त्याच जागी आला, तरच नेम टिकतो.

१६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफिल्ड येथेच गॅरंड यांचे निधन झाले.