डॉ. कोटणीस आणि अ‍ॅक्युपंक्चर : सोलापूर-चीन नात्याची गोष्ट काय?

भारतात अ‍ॅक्युपंक्चर रुजले, त्याची मुळे १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकापर्यंत जातात. त्या पथकात सोलापूरचा एक तरुण डॉक्टर होता.

कोण होते डॉ. कोटणीस?
द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने पाच डॉक्टर तिकडे पाठवले. नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसूही त्यात होते. चीनमध्ये असताना वडील गेल्याची बातमी आली, तरी कोटणीस परतले नाहीत.

चिनी भाषा का शिकले?
जखमीला नेमके कुठे दुखते, हे दुभाष्यामार्फत किती कळणार? कोटणीस चिनी शिकले, रुग्णांशी थेट बोलू लागले, विद्यार्थ्यांनाही चिनीतूनच शिकवू लागले. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथेच क्वो छिंगलान यांच्याशी विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी, अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलगा काही महिन्यांचा होता. शस्त्रक्रियेवरचे चिनी पुस्तक अर्धेच राहिले.

मग अ‍ॅक्युपंक्चर कसे आले?
कोटणीस शस्त्रक्रिया करत. सुयांची विद्या आणली ती बसूंनी. चीनमधल्या जुन्या ओळखी त्यांनी जपल्या, पुन्हा तिथे जाऊन ते ही पद्धत शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात उपचार करू लागले. लुधियानातील अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयाला मात्र नाव आहे ते कोटणीस यांचे.