भगवंताची आज्ञा आणि श्रीरामानुजाचार्य

भगवंताचे स्वरूप मनुष्याच्या चित्तात जसे ठसते, तसेच त्याच्या हातून आज्ञापालन घडते. ईश्वराला केवळ दंडकर्ता मानणारा भयाने नियम पाळतो. त्याला आपला स्वामी व सर्वांचा अंतर्यामी जाणणाऱ्यास तोच नियम सेवारूप होतो. श्रीरामानुजाचार्यांचे चरित्र याचे उज्ज्वल उदाहरण होय.

परंपरेनुसार आचार्यांचा जन्म इ. स. १०१७ मध्ये तमिळ देशी श्रीपेरुंबुदूर येथे झाला. तरुणपणी ते कांचीस यादवप्रकाशांपाशी वेदान्ताचे अध्ययन करीत होते. एके दिवशी ते गुरूंच्या अंगास तेल लावीत असता, छांदोग्य उपनिषदात परमपुरुषाच्या नेत्रांचे जे वर्णन आहे, त्याचा विषय निघाला. त्यातील कप्यास या पदाचा अर्थ गुरूंनी वानराचा पार्श्वभाग असा सांगितला. ते ऐकताच शिष्याचे उष्ण अश्रू गुरूंच्या मांडीवर पडले. कपि म्हणजे जल शोषणारा सूर्य, आणि त्याच्या किरणांनी उमललेल्या कमळासारखे ते नेत्र, असा अर्थ रामानुजांनी विनयाने निवेदन केला. हा वाद केवळ व्याकरणाचा नव्हता. भगवंत अनंत कल्याणगुणांचा सागर आहे, ही त्यांची दृष्टी त्या अश्रूंतून प्रकट झाली.

या दृष्टीची कसोटी पुढे लागली. मंत्ररहस्यासाठी आचार्य श्रीरंगाहून गोष्ठीपूर्णांकडे अठरा वेळा गेले. सतरा वेळा त्यांना विन्मुख परतावे लागले. अठराव्या वेळी, ते कोणास न सांगण्याच्या अटीवर, उपदेश लाभला. परंतु दुसऱ्याच दिवशी आचार्यांनी मंदिराच्या गोपुरावरून ते रहस्य जमलेल्या भक्तांना सांगून टाकले. गोष्ठीपूर्णांनी क्रुद्ध होऊन जाब विचारला, तेव्हा आचार्यांनी अपराध नाकारला नाही, की आज्ञेला दोषही दिला नाही. गुरुद्रोहाने आपणास नरक मिळेल हे त्यांनी मान्य केले; मात्र इतके जीव तरत असतील तर तो नरक आपणास स्वीकार्य आहे, एवढेच सांगितले. गुरूंचा क्रोध मावळला आणि त्यांनी शिष्यास हृदयाशी धरले.

ही कथा स्वैराचाराला आधार देत नाही. स्वतःच्या सुखासाठी नियम मोडणारा दंड चुकवू पाहतो. आचार्यांनी दंड शिरावर घेतला आणि लाभ इतरांना दिला. हेच मर्म त्यांच्या गीताभाष्यातही आहे. अठराव्या अध्यायाच्या सहासष्टाव्या श्लोकात सर्व धर्म टाकून शरण येण्यास भगवंतांनी सांगितले आहे. तेथे कर्मच सोडावे असा अर्थ आचार्य घेत नाहीत. कर्म, ज्ञान व भक्ती हे योग भगवंताची आराधना म्हणून प्रेमाने आचरावेत. त्याग करावयाचा तो फलाचा, ममतेचा व कर्तृत्वाच्या अभिमानाचा, असे त्यांचे पहिले व्याख्यान आहे.

म्हणून साधकाने आपण नियम किती पाळतो, एवढेच मोजून थांबू नये. तो पाळताना अंतःकरणात भगवंताचे कोणते रूप उभे राहते, हेही नित्य पाहावे. दयाळू स्वामी दिसू लागला की आज्ञेचे ओझे उरत नाही, आणि जीवांविषयीची करुणा आपोआप उदय पावते.