डार्विन आणि गावचे पाद्री



देव आणि विज्ञान हा विषय निघाला की घरच्या ग्रुपवर काय होतं ते आपण सगळेच जाणतो. पुतण्या एक टाकतो, काका दुसरं टाकतात, आणि रात्री कुणीतरी ग्रुप सोडून जातं. म्हणून या वेळी आम्ही चार्ल्स डार्विन यांचं चरित्र निवडलं. हे नाव इथे कशाला, असं काही ज्येष्ठांना वाटेल. जरा वाचून तर बघा.

जन्म १८०९ चा, इंग्लंडातल्या श्रूस्बरीचा. वडिलांनी डॉक्टरकीला घातलं, ते जमेना. मग पाद्री व्हावं म्हणून केंब्रिजला धाडलं. तेही राहिलं, आणि १८३१ मध्ये ते बीगल जहाजावरून जगप्रवासाला निघाले. परत यायला पाच वर्षं लागली.

१८३९ मध्ये मामाच्या मुलीशी, एमाशी, लग्न झालं. एमाबाई श्रद्धाळू. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही ही संशोधनातली सवय, जिथं तशी सिद्धता देताच येत नाही तिथंही नवऱ्याला लागेल, ही त्यांची काळजी. ती त्यांनी पत्रात लिहून दिली. डार्विननी ते पत्र जपून ठेवलं. त्यावर आपण कितीदा रडलो, हे त्याच पत्राखाली लिहिलं. १८५१ मध्ये दहा वर्षांची लेक ॲनी गेली. त्यांची श्रद्धा ओसरत गेली, एमाबाईंची टिकली, आणि संसार ४३ वर्षं प्रेमाने चालला.

१८५९ मध्ये उत्क्रांतीचा ग्रंथ निघाला आणि वादळ उठलं. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे धर्मनिष्ठ ख्रिस्ती. उत्क्रांतीमागे ईश्वरी योजना असू शकते, असं त्यांनी मांडलं. डार्विनना ते पटलं नव्हतं. सुरवंटाला जिवंतपणी आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू देव मुद्दाम घडवेल, हे त्यांच्या मनाला मानवेना. तरीही ग्रे यांची पुस्तिका इंग्लंडात निघावी म्हणून त्यांनी पदरचे पैसे घातले. न पटलेल्या मतासाठी खिशात हात घालणं सोपं नाही हो!

आणि डाउन गावचे पाद्री ब्रोडी इनेस. दोघांचं मत क्वचितच जुळायचं, पण मैत्री तीस वर्षांची. गावातल्या गरिबांसाठीच्या फंडाचा हिशेब डार्विन सांभाळायचे. एकदाच दोघांचं पूर्ण एकमत झालं, तेव्हा आपल्यापैकी एकजण नक्की आजारी असणार म्हणून ते एकमेकांकडे बघत राहिले, असं डार्विन गमतीने सांगत.

सगळ्यांशी असं जमलं नाही. सेंट जॉर्ज मिव्हर्ट या टीकाकाराला त्यांनी ग्रंथातून मुद्देसूद उत्तरं दिली. पण त्याने मुलावर, जॉर्जवर, निनावी चिखलफेक केली तेव्हा १८७५ मध्ये त्यांनी संबंध तोडले. आमच्या मते बरोबरच केलं. मतावर टीका वेगळी, लेकरावर वेगळी.

१८८० मध्ये एका नास्तिक लेखकाने आपलं पुस्तक त्यांना अर्पण करू का, असं विचारलं. डार्विननी नकार दिला. धर्मावर थेट हल्ला करून लोकांची मनं बदलत नाहीत, असं त्यांचं मत होतं, आणि घरच्या काहींना दुःख होईल हीही चिंता होती.

१८८२ मध्ये ते गेले. डाउनच्या चर्चच्या आवारातच दफन व्हायचं होतं, पण लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीने, म्हणजे देशातल्या एका मानाच्या चर्चने, न्यूटनच्या समाधीजवळ त्यांना जागा दिली.