या पोरानं ॲम्प्लिफायरचं अख्खं सर्किट मासिकात छापून टाकलं आणि जगभरातले लोक ते घरी बनवायला लागले

साल १९४७. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. ब्रिटनमध्ये अजून रेशन चालू होतं. सैन्यात रेडिओ आणि रडार दुरुस्त करायला शिकलेली हजारो पोरं घरी परतली होती. त्यांच्या हातात कला होती, बाजारात लष्कराचा उरलेला माल स्वस्तात मिळत होता, पण बनवावं असं काही भारी समोर नव्हतं.

अशात एप्रिल आणि मे महिन्याच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात दोन भागांत एक लेख आला. हे काही साधंसुधं मासिक नव्हतं. आर्थर क्लार्कनं उपग्रहावरून दळणवळणाची कल्पना याच मासिकात १९४५ मध्ये मांडली होती. १९४७ च्या लेखात मात्र आकाशातलं काही नव्हतं. त्यात होता एक ॲम्प्लिफायर, सर्किटसकट, ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांसकट.

लिहिणाऱ्याचं नाव डेव्हिड थिओडोर नेल्सन विल्यमसन. ओळखीचे लोक त्याला थिओ म्हणायचे. वय होतं फक्त २४.

थिओचा जन्म १९२३ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. शाळा आणि विद्यापीठही तिथलंच. १९४३ मध्ये तो लंडनला मार्कोनी-ऑसराम व्हॉल्व्ह कंपनीत लागला. व्हॉल्व्ह म्हणजे काय हे जुन्या पिढीला सांगायला नको. आजोबांचा रेडिओ लावला की आधी आत लालसर उजेड यायचा आणि मग थोड्या वेळानं आवाज, तेच ते काचेचे दिवे. या कंपनीचा केटी६६ नावाचा एक दणकट व्हॉल्व्ह होता. थिओनं त्याचीच जोडी घेऊन आवाज जराही बिघडवणार नाही असा ॲम्प्लिफायर बनवायचं डोक्यात घेतलं.

आता यात एवढं विशेष काय?

तर त्या काळी ॲम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करायचा आणि सोबत आपला खरखराट मिसळायचा. त्यावर 'निगेटिव्ह फीडबॅक' नावाचा उपाय आधीच माहीत होता. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत पाठवायचा, म्हणजे ॲम्प्लिफायरनं केलेली चूक आपोआप कापली जाते. ऐकायला सोपं आहे, पण त्यात एक गोम आहे. उलटा पाठवलेला सिग्नल वाटेत रेंगाळला तर तो पोचेपर्यंत सुलटा होतो. मग चूक कापली जायच्या ऐवजी वाढत जाते आणि यंत्र स्वतःच ओरडायला लागतं. लग्नाच्या मांडवात माईक स्पीकरच्या जवळ नेल्यावर जो कुईंऽऽ असा आवाज येतो ना, त्याचंच हे भावंड.

ॲम्प्लिफायरमध्ये सगळ्यात जास्त रेंगाळतं कोण? तर शेवटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. म्हणून बरेच जण त्याला फीडबॅकच्या फेऱ्यातून बाहेर ठेवायचे. थिओनं त्याला मुद्दाम आत घेतलं आणि वर २० डेसिबलचा भरपूर फीडबॅक दिला. हे जमायचं तर ट्रान्सफॉर्मर असा हवा होता, की ऐकू येणाऱ्या सुरांच्या खाली आणि वर, दोन्हीकडे कितीतरी अंतरापर्यंत तो चोख चालेल. त्यानं तो आखला. प्राथमिक वेटोळ्याचेच सुमारे ४४०० वेढे, तेही एका दमात न गुंडाळता तुकड्या-तुकड्यांत, मध्ये मध्ये दुसऱ्या वेटोळ्याचे थर घालून. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कधी बसला असाल तर हे किती कटकटीचं काम आहे ते कळेल.

हाती काय आलं? १५ वॅट ताकद आणि ०.१ टक्क्याहून कमी विकृती. १९४७ च्या मानानं हा आकडा बघून लोकांचा विश्वास बसेना. पण सगळंच छापलेलं होतं, त्यामुळे ज्याला शंका आली त्यानं बनवून बघितलं.

आणि मग लाटच आली. १९४९ मध्ये थिओनं सुधारित आवृत्ती छापली, सोबत प्रीॲम्प्लिफायर आणि टोन कंट्रोलही दिला. त्याच वर्षी अमेरिकेत सार्सर आणि स्प्रिंकल या दोघांनी तिथं मिळणारे व्हॉल्व्ह घालून याची अमेरिकन आवृत्ती काढली. पुढं मिशिगनमधल्या हीथकिट कंपनीनं विल्यमसन पद्धतीचे ॲम्प्लिफायर किट म्हणून विकायला सुरुवात केली. खोक्यात चासी, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्हचे सॉकेट, कपॅसिटर आणि पायरी-पायरीनं सांगणारं पुस्तक. तुम्ही फक्त सोल्डरिंगची कढई गरम करायची. 'विल्यमसन' हे माणसाचं नाव राहिलंच नाही, ते ॲम्प्लिफायरच्या एका जातीचं नाव झालं.

पण नावावर माल खपायला लागला की जे होतं तेच इथंही झालं. वेढ्यांची कटकट टाळून केलेला स्वस्त ट्रान्सफॉर्मर घालायचा आणि वर नाव विल्यमसनचं. असं यंत्र मोटरबोटीसारखं फटफट करायचं, नाहीतर कानाला ऐकू न येणाऱ्या उंच सुरात गुपचूप ओरडत बसायचं. मूळ लेखात ट्रान्सफॉर्मरवर एवढी पानं का खर्च केली होती, ते अनेकांना यंत्र बिघडल्यावर कळलं.

आता कथेत दुसरं पात्र येतं, पीटर वॉकर. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनचा कारखानदार, पुढं 'क्वाड' या नावानं जगभर गाजलेल्या कंपनीचा मालक. १९५१ मध्ये अमेरिकेत हाफलर आणि केरोस या जोडीनं 'अल्ट्रा-लिनिअर' नावाची नवी जोडणी काढली आणि तिच्या कौतुकाचा पूर आला. तेव्हा सप्टेंबर १९५२ मध्ये विल्यमसन आणि वॉकर यांनी मिळून 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये त्या दाव्यांची चिरफाड करणारा लेख लिहिला. लेखाच्या मथळ्यातच अतिशयोक्तीला चिमटा होता.

पण या दोघांचं खरं मोठं काम वेगळंच होतं. त्यांना असा स्पीकर बनवायचा होता ज्यात कागदी कोन नाही, कॉइल नाही, चुंबक नाही.

कल्पना अशी. दोन भोकं पाडलेल्या विद्युतवाहक पाट्या समोरासमोर धरायच्या आणि मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा ताणायचा. पडद्याला हजारो व्होल्टचा भार द्यायचा, क्वाडच्या स्पीकरमध्ये खालच्या सुरांच्या पडद्याला हा आकडा ६००० व्होल्टच्या घरात होता. पाट्यांवर गाण्याचा सिग्नल सोडला की एक पाटी पडदा ओढते, दुसरी ढकलते. पडदा इतका हलका, की त्याला हलायला जवळपास काही कष्टच नाहीत. मेख अशी होती, की पडदा पाटीच्या जवळ गेला की ओढ बेसुमार वाढायची आणि आवाज फाटायचा. उपाय निघाला तो पडद्यावरचा भार कायम ठेवण्याचा. भार खूप मोठ्या रोधातून द्यायचा, म्हणजे पडदा हलताना तो कमी-जास्त व्हायला वेळच मिळत नाही. या स्पीकरच्या पेटंटवर विल्यमसन आणि वॉकर दोघांची नावं आहेत. १९५७ मध्ये क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आला. दिसायला खोलीतल्या हीटरसारखा, पण माणसाचा आवाज असा काढायचा की गाणारा पडद्यामागं उभा आहे असं वाटावं.

आणि इथंच हौशी लोकांची गोची झाली. कारण हा स्पीकर ॲम्प्लिफायरला फार छळतो.

साधा स्पीकर कॉइलचा असतो. इलेक्ट्रोस्टॅटिक मात्र विजेच्या भाषेत चक्क एक कपॅसिटर आहे. सूर जितका उंच, तितका त्याचा रोध कमी. कागदावर १६ ओमच्या आसपास म्हणायचे, पण सगळ्यात वरच्या सुरांना तो २ ओमच्या जवळ उतरतो. त्यात कपॅसिटर जोडला की फीडबॅकचा सिग्नल आणखी रेंगाळतो. म्हणजे ज्या ठिकाणी विल्यमसनच्या सर्किटला मुळातच जपून पाऊल टाकावं लागतं, नेमकं तिथंच हा स्पीकर पाय घालतो. गंमत बघा, ज्यानं आधी तो ॲम्प्लिफायर आखला, त्यानंच त्या ॲम्प्लिफायरची सगळ्यात कठीण परीक्षा घेणारा स्पीकर घडवायला हात लावला.

मग किट निवडणाऱ्यानं काय करायचं? त्या काळच्या तीन वाटा बघू.

पहिली वाट विल्यमसनचीच. यात एकामागून एक चार टप्पे, मध्ये कपॅसिटरचे दोन जोड आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक जण सिग्नलला थोडं रेंगाळवतो. ट्रान्सफॉर्मर मूळ लेखाबरहुकूम असेल तर ठीक, नाहीतर पस्तावायची तयारी ठेवायची. दुसरी वाट मुलार्ड कंपनीनं छापलेल्या ५-२० ची. २० वॅट, ईएल३४ ची जोडी, आणि ज्या अल्ट्रा-लिनिअरवर विल्यमसननं चिमटा काढला होता तीच जोडणी. तिसरी वाट डायनाकोची. अल्ट्रा-लिनिअरवाल्या हाफलरचीच ही पुढची कंपनी. त्यांनी पुढचे टप्पे कमी करून एकाच व्हॉल्व्हच्या काचेत बसवले आणि ते छापील बोर्डवर तयार जोडून दिले. टप्पे कमी म्हणजे रेंगाळणं कमी. इलेक्ट्रोस्टॅटिकला जोडायचं म्हटलं तर किटमध्ये ही वाट सगळ्यात शहाणपणाची.

पण इथं एक खड्डा आहे. क्वाडच्या स्पीकरला साधारण ३३ व्होल्टच्या शिखरापलीकडे सिग्नल दिला की आत ठिणगी पडून पडदा जळू शकतो. आता हिशेब करा. १५ वॅटचा ॲम्प्लिफायर १६ ओमवर जेमतेम २२ व्होल्टचं शिखर गाठतो. डायनाकोचा ३५ वॅटचा स्टिरिओ ७० बरोबर ३३ च्या काठावर येतो. आणि त्यांचाच ६० वॅटचा मार्क ३? थेट ४४! म्हणजे जास्त वॅट घेऊन माणूस स्वतःच्याच स्पीकरची राख करणार. यावर साधा उपाय म्हणजे तार १६ ऐवजी ८ ओमच्या टोकाला जोडायची. व्होल्टेज तिथं कमी निघतं आणि वरच्या सुरांचा कमी रोधही जास्त सोसतो.

खुद्द वॉकरनं स्वतःच्या क्वाड २ मध्ये काय केलं होतं? व्हॉल्व्ह तेच, केटी६६ ची जोडी. ताकद तीच, १५ वॅट. टप्पे मात्र चारऐवजी दोनच, आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचा एक भाग व्हॉल्व्हच्या कॅथोडकडे नेलेला. पण ते किट नव्हतं, तयार मिळायचं.

विल्यमसन तोवर या सगळ्यातून बाहेर पडला होता. खरं तर ॲम्प्लिफायर हा त्याचा धंदा कधी नव्हताच. लेख छापून आला तेव्हाच तो एडिनबरोला फेरांटी कंपनीत गेला होता. तिथं त्यानं रेकॉर्ड वाजवायचा एक नाजूक रिबन पिकअप केला आणि मग तो वळला आकड्यांच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्रांकडे. आजच्या सीएनसीची ती सुरुवातीची पिढी. सर्किटमध्ये जे केलं तेच इथंही, यंत्र कुठं चुकतंय ते सतत मोजायचं आणि लगेच दुरुस्त करायचं.

१९६१ मध्ये तो सिगारेट बनवणारी यंत्रं करणाऱ्या मोलिन्स कंपनीत संशोधनाचा प्रमुख झाला. १९६७ मध्ये तिथं 'सिस्टिम २४' जाहीर झाली. दिवसा कामगारांनी माल लावून ठेवायचा आणि रात्रभर यंत्रांनी संगणकाच्या हुकमावर, जवळ माणूस नसताना सुटे भाग कापत राहायचं. २४ तास चालणार म्हणून नाव २४. १९६८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. सिस्टिम मात्र धंद्यात बसली, कंपनीनं तो नाद सोडला, आणि तीच कल्पना पुढं इतरांच्या कारखान्यांत रुळली. १९७४ पासून दोनेक वर्षं तो रँक झेरॉक्समध्ये होता.

१९९२ मध्ये थिओ विल्यमसन गेला. तो पहिला क्वाड स्पीकर बनायचा थांबला त्याच्या सात वर्षं आधी, १९८५ मध्ये. केटी६६ मात्र आजही नवे कोरे बनून विकले जातात.