कडुनिंबाचे गुण नोंदविणारे गार्सिया द ओर्ता

सोळाव्या शतकात गोव्यात राहून येथील झाडापाल्याचे औषधी गुण युरोपपुढे मांडणारे वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हिद या गावी झाला. त्यांचे आईवडील स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंपैकी होते. पोर्तुगालमध्ये या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. सालामांका व अल्काला येथे वैद्यक शिकून ओर्ता लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक झाले. मार्च १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सु द सौझा यांच्यासोबत ते निघाले आणि सप्टेंबरात गोव्यास पोहोचले.

गोव्यात त्यांनी वैद्यकी केली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार केले. तेथील हकिमांशी त्यांच्या चर्चा होत आणि देशी वैद्यांकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. गालेनसारख्या प्राचीन आचार्यांच्या वचनापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले त्यांना अधिक मोलाचे वाटे.

या तीस वर्षांच्या अनुभवाचा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातच छापला गेला. रुआनु या कल्पित वैद्याशी संवाद, अशी त्याची पोर्तुगीज भाषेतील मांडणी आहे. त्यात फणस, निर्गुडी, पारिजातक येतात, तसा कडुनिंबही येतो. घाटावर घोड्यांच्या चिघळलेल्या जखमांवर कडुनिंबाचा पाला लिंबाच्या रसात वाटून लावीत. तो उपाय ओर्ता यांनी स्वतः करून पाहिला आणि माणसांच्या व्रणांनाही उपयोगी ठरल्याचे नोंदविले. आपल्याकडे पटकीला म्हणत तो मोडशी हा शब्दही त्यांनी ग्रंथात उतरविला.

१५६७ मध्ये क्लूसियस यांनी अँटवर्पमध्ये या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि तो युरोपभर वाचला गेला. पुढच्याच वर्षी ओर्ता गोव्यात निवर्तले. त्यांची बहीण कातारिना हिला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, १५६९ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने जाळण्याची शिक्षा दिली. १५८० मध्ये खुद्द ओर्ता यांच्या अस्थी उकरून त्याच आरोपाखाली जाळण्यात आल्या.

पुढे पणजीतील चर्चसमोरच्या उद्यानास त्यांचेच नाव देण्यात आले. ज्या शहराने त्यांना थडगेही ठेवू दिले नाही, त्याच्या शेजारीच झाडांच्या सावलीत त्यांचे स्मरण राहिले.